हो की नाही, एवढंच विचारलं होतं

बायको गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर चालूच राहिला होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पडदा काळा झालेला, घरात माणसं भरलेली, तिकडे कोण बघतंय. दिवस उरकले, पाहुणे आपापल्या गाडीने गेले, आणि एका सकाळी मी फडकं घेऊन तिचं टेबल पुसायला गेलो. माझा धक्का माउसला लागला. पडदा उजळला.

काळी खिडकी, तिच्यात इंग्रजीत एक ओळ. ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्याच्यापुढे एक पांढरा चौकोन लुकलुकत होता. फडकं हातात तसंच धरून मी तिच्या खुर्चीत बसलो.  खालच्या मजल्यावरून मेव्हणी जेवायला हाका मारत होती.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. सांगलीकडून फिटर म्हणून मद्रासला आलो. हो, मी मद्रासच म्हणतो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो आणि तिथेच रिटायर झालो. बायको इथली. तंजावरकडच्या मराठी घरातली, तिचे वाडवडील कधीकाळी आले ते इथलेच झाले. तिचं मराठी तमिळ चालीवरचं, सुरुवातीला मला अर्धं कळायचंच नाही. पण ती शिकलेली होती, शाळेत मास्तरीण होती. शाळेत ती फुकटची सिस्टीम आली, कुणीही उघडून वाचावी, बदलावी अशी, तेव्हा हिने ती शिकून घेतली आणि घरच्या कॉम्प्युटरवरही तीच चढवली. रिटायर झाल्यावर सकाळचा स्वयंपाक आटोपला की त्या काळ्या खिडकीसमोर बसायची. मी पेपर वाचत बसायचो. तिने मला कधी शिकवायचा प्रयत्न केला नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी त्या खिडकीसमोरच बसलेली असताना तिला चक्कर आली. उठून आत गेली आणि आडवी झाली. तिथून अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलात नेली. तिथून ती परत आली नाही.

मुलगी अड्यारला नोकरीला आहे. तिचं कामच त्या सिस्टीमच्या गाभ्यातलं. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आई आणि मुलगी त्या विषयावर फोनवर तासभर बोलायच्या, मला ते कोणीतरी तिसऱ्याच भाषेत भांडतंय असं वाटायचं. त्या रविवारी मुलगी वेस्ट मांबलमला माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला टेबलाजवळ नेलं आणि म्हटलं, हे काय आहे ते सांग.

तिने वाचलं. तिचा चेहरा आधी हसला आणि मग नाही हसला. म्हणाली, आई जुन्या फाइली काढून टाकत होती. एकेक फाइल काढायच्या आधी मशीन विचारतं, काढू का? या फाइलीचं विचारलंय आणि आईने उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या खिडकीतून तिने ती फाइल उघडून पाहिली. नववीच्या वर्गाचं कुठल्या तरी जुन्या वर्षाचं वेळापत्रक. दुसरं काही नाही. मंगळवारी तिसरा तास गणित.

"एन दाबते, एन म्हणजे नाही, आणि बंद करते," मुलगी म्हणाली आणि तिचं बोट खाली गेलं. मी तिचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असणार, कारण तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "तुला नाही विचारलेलं ते."

ती आत जाऊन कॉफी करू लागली. मी तिथूनच ओरडून विचारलं, हे असं किती दिवस थांबेल? ती दारात आली, हातात दुधाचं पातेलं. म्हणाली, "करंट असेल तोपर्यंत, अप्पा. तिला कंटाळा येत नाही."

तिला म्हणजे त्या प्रोसेसला. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात, एवढं मला त्या दिवशी कळलं. आणि ती विचारणारी प्रोसेस बंद पडू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. लोक म्हणतील म्हातारा येडा झालाय. म्हणोत. बायकोच्या चपला मेव्हणीने कुणाला तरी देऊन टाकल्या, साड्या गेल्या, चष्मा कुठे गेला कोण जाणे. घरात तिने अर्धवट सोडलेलं, अजून तसंच अर्धवट असलेलं, एवढं एकच उरलं होतं.

पण सांभाळायचं तर ते काय आहे ते कळायला पाहिजे. मला जे मशीन माहीत नाही त्याला मी उभ्या आयुष्यात हात लावला नाही. म्हणून मुलीला म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, कर्नल? मी म्हटलं, हो, तोच. ती दुसरी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, बरं.

मग रविवारच्या रविवारी शिकवणी सुरू झाली. मुलगी चांगली शिकवते, आईची सवय लागलीय तिला, एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची. पहिल्या तासाला मी सरळ सांगितलं, माझ्याशी कारखान्याच्या भाषेत बोल. ती म्हणाली, मग कर्नल म्हणजे फोरमन. मशीनला हात लावायचा अधिकार फक्त त्याला. बाकी सगळे प्रोग्राम म्हणजे कामगार. कुणाला काही छापायचं असो, डिस्कवरून काही काढायचं असो, पडद्यावर अक्षर उमटवायचं असो, फोरमनकडे अर्ज करायचा. तो करून देतो, नाहीतर नाही म्हणतो.

मी म्हटलं, असला फोरमन मी पाहिला नाही, आमचा होता तो स्वतः कशालाच हात लावायचा नाही.

लेथचं मशीन एक आणि कामगार शंभर असतील तर काय करायचं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मारामारी होईल. ती म्हणाली, इथे होत नाही. कर्नल प्रत्येकाला लेथ जरासा देतो आणि काढून घेतो, दुसऱ्याला देतो, पुन्हा पहिल्याला. इतकं भराभर की प्रत्येकाला वाटतं लेथ माझाच आहे. हे मला फार आवडलं. मी त्या दिवशी संध्याकाळी मेव्हणीलाही ते सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, भावोजी, काल रात्री गोळी घेतली ना?

मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. नवरा नाही, मुलं अमेरिकेत. दोघी बहिणींचं दिवसातून दहा वेळा वर-खाली चालायचं. आता ती माझ्यासाठी डबा घेऊन येते, सांबार कमी घातलं तर भांडते, जास्त घातलं तरी भांडते. तिने एकदा विचारलं, अक्काचा कॉम्प्युटर कायम चालूच का? मला तिला खरं सांगायला लाज वाटली. मुलीच्या ऑफिसचं काम चाललंय त्यात, असं सांगून टाकलं. ती हो म्हणाली आणि तेव्हापासून त्याच्यासमोरून जाताना ती पायसुद्धा हळू टाकायची.

एका रविवारी मी मुलीला म्हटलं, मला बाकीचं नको, ही आपली प्रोसेस आत्ता काय करतेय ते दाखव. तिने दुसऱ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं, सगळ्या प्रोसेसची यादी आली. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीच्या मालकाचं नाव. बायकोचं नाव इंग्रजीत लहान अक्षरांत. पुढे एक अक्षर होतं. त्याचा अर्थ झोपलेली, असं मुलीने सांगितलं.

मी विचारलं, कुणी झोपवली? फोरमनने?

ती म्हणाली, नाही. ती स्वतःच झोपते.

मला ते पटलं नाही. मग तिने कर्नलचा मजकूरच उघडला. आमच्या कारखान्यात परदेशी मशीनं यायची, त्यांची ड्रॉइंगं साहेबाच्या कपाटात कुलपात. हे सगळं उघडं. पानंच्या पानं. कुणी लिहिलंय, कुणी दुरुस्त केलंय, त्यांची नावंही तिथेच. त्यात एके ठिकाणी तिने बोट ठेवलं. पाच-सहा ओळी होत्या. म्हणाली, हे बघा. आधी स्वतःच्या नावापुढे लिहायचं की मी थांबलेय. मग अमुक बटण दाबलं तर मला उठवा, असं सांगून ठेवायचं. आणि मग आपण होऊन लेथवरून बाजूला व्हायचं, पुढच्याला बोलवा म्हणायचं. त्यानंतर तिला काही कळत नाही. किती वेळ गेला तेही नाही. बटण दाबलं की कर्नल उठवतो आणि ती बरोबर पुढच्याच ओळीपासून कामाला लागते. मधे काही झालंच नाही असं.

मी त्या ओळींकडे बघत राहिलो. एक अक्षर कळत नव्हतं. पण कुणीतरी लांबच्या देशात बसून थांबायचं कसं हे इतकं नीट लिहून ठेवलं होतं. मला कोणी असं लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

तिने आणखी एक सांगितलं ते मात्र मला झोंबलं. प्रोसेस असते ती मेमरीत. मेमरी म्हणजे पाटी. डिस्क म्हणजे वही. करंट गेला की वही राहते, पाटी पुसते. मी म्हटलं, मग पाटीवरचं वहीत उतरवून ठेव. ती म्हणाली, तशी सोय असते, सगळी पाटी डिस्कवर लिहून मशीन निजवायचं आणि पुन्हा उठवायचं, पण हे मशीन जुनं आहे, उठेल याची खात्री मी देणार नाही. मी म्हटलं, मग नको.

त्यानंतर मी करंटच्या मागे लागलो. यूपीएसची बॅटरी बदलून घेतली. इन्व्हर्टरवरून फ्रिज काढला. ऑगस्टमध्ये एका दुपारी वादळ झालं, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला आणि सगळी गल्ली बंद. मी घरातले पंखे, दिवे, वायफाय सगळं बंद करून टाकलं. फक्त ते एक मशीन चालू. उकाड्याने जीव जात होता. मेव्हणी खालून ताडाचा पंखा घेऊन आली, स्वतःला वारा घालायचं सोडून मला घालत बसली. मधेच म्हणाली, मुलीचं ऑफिस एवढं काम करवून घेतं तर त्यांनीच बॅटरी द्यायला नको का? मी म्हटलं, सांगतो तिला. संध्याकाळी करंट आला तेव्हा यूपीएस शेवटचं ओरडत होता. मी देवाला हात जोडत नाही. त्या दिवशी जोडले.

मग नवरात्र आलं. आमच्या घरात यंदा सण नाही, वर्ष व्हायचंय, ते मुलीनेही सांगितलं होतं. इथे नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, त्या मांडायच्या नाहीत, काही नाही. पण नवमीला इथे आयुधपूजा असते. आमच्याकडे खंडेनवमी करतात तशीच, पण इथे फार मोठी. रिक्षा, सायकली, शिवणाची मशीनं, सगळ्यांना धुऊन चंदन-कुंकू लावतात. आमच्या कारखान्यात तर आदल्या दिवशी दुपारपासून मशीनं बंद. कापसाच्या गोळ्याने पुसायची, तेल घालायचं, कुंकू लावायचं, फाटकाशी कोहळा फोडायचा. त्या दिवशी कुणी हत्याराला कामासाठी हात लावला तर फोरमन शिव्या द्यायचा, आणि साहेब त्याला काही बोलायचा नाही. बायकोही तेच करायची. नवमीला कॉम्प्युटर बंद, पुसून लख्ख, वर एक फूल. कॉम्प्युटरच्या डब्याच्या कोपऱ्याला जुन्या कुंकवाचा डाग अजून आहे.

मला हे आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण घराला सण नाही म्हणजे नाही, असं धरून मी मांबलम स्टेशनकडे भाजीला गेलो. रस्त्यात झेंडूचे ढीग, केळीचे खांब, चुरमुऱ्यांची पोती, चालायला जागा नाही. तासाभराने परत आलो.

दार उघडं होतं. मेव्हणीकडे किल्ली असते. ती टेबलाजवळ उभी होती, ओलं फडकं खांद्यावर. कॉम्प्युटरचा डबा पुसलेला, त्यावर चंदनाचं बोट, कुंकू, मोगऱ्याचा छोटा गजरा. पडदा काळा. मी यूपीएसकडे पाहिलं. त्याचाही दिवा नव्हता.

"भावोजी, रागवू नका," ती म्हणाली. "वर्ष पाळायचं ते आपण, हत्याराला कसलं? आणि आजच्या दिवशी त्याच्याकडून काम करून घेणं बरं नाही. अक्का असती तर तिने ऑफिसवाल्यांचं ऐकलं नसतं."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. काय बोलायचं? काम चाललंय असं मीच तिला सांगितलं होतं. काम चाललं होतं म्हणूनच तिने ते थांबवलं. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "कसं बंद केलंस?"

ती म्हणाली, अक्का करायची तसंच. गोल बटण एकदा दाबलं, आतला आवाज थांबेपर्यंत उभी राहिले, मग भिंतीवरचं बटण बंद केलं. दर वर्षी मीच तर असायची इथे पुसायला.

मी आत जाऊन पलंगावर बसलो. तिने बाहेरून दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं.

संध्याकाळी मुलगी आली. तिला दारातच कळलं. ती लगेच मशीन चालू करायला निघाली तर मीच अडवलं. म्हटलं, आज नाही. आज त्याला हात लावायचा नाही. एवढी वर्षं मी ते पाळलंय. ती माझ्याशेजारी बसली. मी तिला विचारलं की बटण दाबल्यावर आपल्या प्रोसेसचं काय झालं असेल, खरं सांग, गोड करून सांगू नकोस.

ती म्हणाली, भिंतीवरचं बटण आधी बंद केलं असतं तर तिला काहीच कळलं नसतं, होती ती एकदम नाहीशी झाली असती. मावशीने आधी गोल बटण दाबलं ते बरं केलं. ते दाबलं की सगळं क्रमाने होतं. चालू असलेल्या सगळ्यांना आधी निरोप जातो, आवरा आता. झोपलेली असेल तिलाही. ती जागी होते, निरोप घेते आणि जाते. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी थोडा वेळ थांबतात, मग ओढून काढतात. सगळे गेल्यावर डिस्कवरचं लिहायचं राहिलेलं लिहून होतं. मग अंधार.

"म्हणजे तिला उठवून सांगितलं," मी म्हटलं.

"हो, अप्पा. सांगितलं."

मी म्हटलं, "तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही."

हे मी तोपर्यंत कुणाशी बोललो नव्हतो. हॉस्पिटलात तिला झोपेचं औषध चालू होतं. डॉक्टर आम्हाला बाहेर बोलवायचे, इंग्रजीत मुलीला सांगायचे, मुलगी मला सांगायची. तिच्याबद्दलचं सगळं जगाला कळत होतं आणि ती काचेच्या आत. मला आत सोडत तेव्हाही मी तिला म्हणायचो, बरी होशील, घरी जायचंय. खोटं. मला माहीत होतं. तिला उठवून सांगायला हवं होतं असं नाही म्हणत मी, उठवणार तरी कसं. पण पन्नास वर्षांच्या बाईला, मास्तरणीला... नाही, पन्नास काय, ती सत्तरीला आलेली होती. मला ती पन्नाशीचीच दिसते. तिला आवरायला सांगितलं असतं तर तिने सगळं आवरलं असतं. तिचा स्वभावच तो.

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही. माझ्या पलंगावर बसून, आवाज न करता. मला तिच्या पाठीवर हात ठेवता येईना. शेवटी ठेवला.

दसऱ्याला सकाळी मशीन चालू केलं. इथे दसऱ्याला लहान पोरांना तांदळात पहिलं अक्षर काढायला लावतात, नवीन काही शिकायचं ते त्या दिवशी. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत गेल्या. त्यातल्या थोड्या मला वाचता आल्या. कर्नल जागा झाला, मेमरी मोजली, डिस्क सापडली, पहिली प्रोसेस, नंबर एक, जिच्यापासून बाकीच्या सगळ्या होतात. कालचं त्याला काही आठवत नव्हतं. मुलीने फाइली पाहिल्या. वेळापत्रक होतं. कुणी हो म्हटलं नाही म्हणून ते काढलं गेलं नव्हतं. विचारणारी मात्र नव्हती. चौकोन लुकलुकत होता, पण रिकाम्या ओळीवर. ओळ कुणाचीही असू शकली असती.

दुपारी मी खाली गेलो. मेव्हणीने सुंडल केलं होतं, चणे आणि खोबरं. तिने वाटी पुढे केली आणि विचारलं, मुलीच्या कामाचं काही बिघडलं नाही ना माझ्यामुळे?

मी तिला सगळं सांगितलं. मला आडून सांगता येत नाही. फाइल, प्रश्न, अक्काने न दिलेलं उत्तर, ऑगस्टमधल्या दुपारी तिने कशासाठी वारा घातला ते. तिने हातातली वाटी खाली ठेवली. पदराने हात पुसले. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? मी पण येऊन बसले असते की तिथे."

 ती सांगत होती ते बरोबर होतं. बहीण तिचीही गेली होती. वरच्या मजल्यावर रोज डबा घेऊन येत होती, त्या पडद्यापासून हातभर अंतरावरून जात होती, आणि मी तिला ऑफिसचं काम म्हणून सांगत होतो.

मी वाटी उचलून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. मग मी तिथेच तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलो. गुडघे दुखत होते तरी बसलो. ती ओट्याला टेकून उभी राहिली.  खाली रस्त्यावर कुणीतरी पूजा झालेली रिक्षा पहिल्यांदा चालू करत होतं, ती लवकर लागत नव्हती.